उरलेली गुंगी

४ मार्च, मंगळवार

आज आमच्या मामाचं नाक फुटलं. मामा म्हणजे आमचा वॉर्डबॉय, दाराच्या चौकटीत मावत नाही असा गडी. आणि फोडलं कोणी, तर गणिताच्या एका मास्तराने! हर्नियाच्या ऑपरेशनला आलेला, काडीसारखा माणूस. सकाळपासून ज्याला त्याला ‘सॉरी हं, तुम्हाला त्रास देतोय’ म्हणत होता.

ऑपरेशन थिएटरच्या अलीकडची खोली माझी. सगळे तिला अलीकडचीच म्हणतात. पलीकडे नेण्याआधी पेशंट इथे झोपवायचा, सलाईन लावायचं, आणि भुलीच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की गुंगीचं औषध द्यायचं. भूल नव्हे, भुलीआधीची गुंगी. पोटातली भीती उतरते, जीभ जड होते. भलेभले दादा लोक माझा हात धरून आईची आठवण काढतात आणि नंतर त्यातलं त्यांना काहीएक आठवत नाही. वॉर्डात भेटले तर मला ओळखत नाहीत. मला हे फार आवडतं. आपण एखाद्याचा जीव शांत करायचा आणि त्याने तो उपकारही लक्षात ठेवायचा नाही.

मास्तराला औषध गेलं आणि डोळे मिटायच्या ऐवजी टक्क उघडले. ताडकन उठून बसला. सलाईन हिसडून काढलं, हातातून रक्ताची चिळकांडी थेट पडद्यावर. मामा धरायला वाकला तर त्याने कपाळ हाणलं, नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. धाकटी सिस्टर, जिला आम्ही बडबडी म्हणतो, तिच्या दंडाला तो चावला. दात रुतले होते. मी त्याच्या पायांवर बसले आणि ओरडले, “बाई, आणखी द्या याला!”

“अजिबात नाही! थांबा!” डॉक्टरबाईंनी सिरिंजमध्ये औषधाचा उतारा भरला. तो गेला तसा मास्तर ढिला पडला. मामाचं रक्ताने माखलेलं तोंड बघून म्हणतो, “अरे अरे, तुम्हाला कोणी मारलं?”

नंतर बाई म्हणाल्या, “सिस्टर, एखाद्याला हे उलटं चढतं. मग जितकं द्याल तितकं जास्त चढतं. आपली सगळ्यांची चूक तीच होते. पेशंट उसळला की आपल्याला वाटतं, कमी पडलं.”

बाई हुशार आहेत, पण माझं मत मी माझ्यापाशी ठेवलं. इतकी वर्षं मी या खोलीत माणसं बघतेय. औषध माणसाच्या आत काही घालत नाही, झाकण काढतं फक्त. मास्तराच्या पोटात ते होतंच. आणि अजून थोडं दिलं असतं तर गुमान आडवा झाला असता.

८ मार्च, शनिवार

आज दोन ताटं, एक काचेचा जार आणि बाल्कनीच्या दाराचं हँडल. नवरोबांची आजची कामगिरी.

हा लिफ्ट दुरुस्त करतो. हिवाळ्यात त्याचा जोडीदार त्याच्या डोळ्यांदेखत लिफ्टच्या खड्ड्यात पडला. वरून हा खाली बघत राहिला, तेव्हापासून घरात युद्ध. भाजीत मीठ कमी, आदळ ताट. टीव्ही मोठा, फेक रिमोट. ओरडतो तेव्हा मानेच्या शिरा दोरीसारख्या होतात आणि मग मोरीत जाऊन हुंदके देतो, नळ सोडून, म्हणजे आम्हाला ऐकू येऊ नये. आम्हाला येतं. डॉक्टरकडे चला म्हटलं की अंगाचा तिळपापड. “मी वेडा आहे का?”

आमच्या अंगाला त्याने कधी बोट लावलेलं नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, कधीच नाही. एवढं मात्र लिहायलाच हवं.

पण ठमी आज म्हणाली, “आई, मी परीक्षा होईपर्यंत आत्याकडे जाते.” आमची एकुलती एक. कानात बोळे घालून अभ्यास करते बिचारी. ती गेली तर परीक्षेनंतर परत येणार नाही, मी ओळखून आहे तिला. आत्या तिला हातावर झेलेल आणि इथे मी आणि फुटकी ताटं. ठमी गेली तर या घरात माझं असं काही उरत नाही.

हॉस्पिटलात नियम असा आहे की बाटलीत उरलेलं औषध दोन सिस्टरनी एकमेकींदेखत बेसिनमध्ये ओतायचं. बडबडी पाठ फिरवून दंडावरच्या चाव्याची कथा सांगत बसते. “तुम्ही ओता हो सिस्टर, तुमच्यावर काय पहारा ठेवायचा?”

आज मी नळ सोडला आणि पाणीच ओतलं.

९ मार्च, रविवार

दिलं. चहातून, साखर जास्त घालून. नवरोबा खुर्चीतच पेंगला, तोंड उघडं, चष्मा नाकावर. ठमी दार किलकिलं करून बघते तर काय, शांतता! पुस्तक घेऊन बाहेर येऊन बसली. तिने पाय माझ्या मांडीवर टाकले, जसे लहानपणी टाकायची. माझा जीव भांड्यात पडला.

परक्या माणसांना रोज देते. आपल्याला द्यायला काय झालं? आणि विचारून देतात का कोणी वेड्यासारख्या ओरडणाऱ्याला? मास्तरालाही कुठे विचारलं होतं. ‘बरं वाटेल हं आता,’ एवढंच म्हटलं होतं.

१२ मार्च, बुधवार

पुन्हा दिलं. आज बोलका झाला, खदाखदा हसला. ठमीला म्हणाला, “तू जन्मलीस तेव्हा माकडासारखी दिसत होतीस.” ठमी हसली, पण जरा मागे सरकून. हसता हसता त्याने टेबलावर अशी बुक्की मारली की भांडी उडाली. आनंदात माणूस मारतो बुक्की. त्यात काय?

१६ मार्च, रविवार

डोक्याला टाके घालावे लागले नाहीत हे नशीब.

काल रात्री चहा दिला. मी ओट्याशी होते. मागे वळले तर हा दारात उभा, डोळे टक्क उघडे, माझ्याकडे नव्हे तर माझ्यातून पलीकडे बघत. मी म्हटलं, “अहो, बसा ना.” त्याने माझे केस मुठीत धरले आणि डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. तोंडाने काय बोलत होता ते शब्दही नव्हते. मी लाटणं उचललं आणि त्याच्या कोपरावर हाणलं तेव्हा सुटका झाली. मग तो भिंतीशी बसला आणि झोपला. घोरायला लागला! माझं रक्त ओट्यावरून खाली ठिबकतंय आणि नवरा घोरतोय.

सकाळी विचारतो, “अगं, डोक्याला काय झालं तुझ्या?”

मी म्हटलं, “तुम्हाला माहीत नाही?”

“नाही गं. पडलीस का?”

हातातला चहा मी त्याच्या अंगावर फेकला. भाजला असेल. बायकोला बदडायचं आणि सकाळी साळसूदपणे विचारायचं काय झालं! या नाटकाची मला किळस आली. “तुम्ही केलंत,” म्हटलं तर चेहरा पांढराफटक. “मी? शक्यच नाही.” वर उलट्या बोंबा.

आता कळलं, इतकी वर्षं आत काय दाबून ठेवलं होतं ते. मास्तरासारखंच. बरं झालं, झाकण निघालं.

आणि हेही कळलं, की थोडं कमी पडतंय.

२० मार्च, गुरुवार

गेले काही दिवस मला रिकव्हरी वॉर्डात टाकलं होतं, त्यामुळे हाताला काही लागलं नाही. आज परत माझ्या खोलीत आले. घरी मी सुरी वरच्या फळीवर ठेवून झोपत होते. पण गंमत म्हणजे हा गप्प. ओरडला एकदाच, तेही लिफ्टच्या कंपनीवर. रोज सकाळी माझ्या डोक्यावरची पट्टी बघतो आणि मान खाली घालतो. मंगळवारी ताट आपटायला उचललं आणि परत ठेवलं. म्हणजे शनिवारच्या डोसचा असर इतके दिवस टिकला म्हणायचा. असं टिकत नाही, पुस्तकात तरी नाही. पण पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या घरी माझा नवरा नाही.

काल ठमीने विचारलं, “आई, बाबा चहा प्यायले की असे का होतात?”

मी म्हटलं, “चहाने कोणी होतं का काही? अभ्यास कर.”

पोरगी नको तिथे डोकं चालवते.

२३ मार्च, रविवार

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय.

उद्यापासून ठमीची परीक्षा होती. घरात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता मला हवी होती. म्हणून नेहमीपेक्षा जास्त दिलं. किती, ते लिहीत नाही.

आधी तो रडला. जोडीदाराला हाका मारल्या, “वर ये, वर ये.” मग माझ्या गळ्याशी आला. दोन्ही अंगठे माझ्या घशावर. मला श्वास नाही, डोळ्यांपुढे काळं. पायाने खुर्ची पाडली म्हणून ठमी धावत आली. “बाबा, सोडा! बाबा!” ती त्याच्या हाताला लोंबकळली. त्याने मला टाकलं आणि तिचा उजवा हात पकडला, पिळला, पाठीमागे नेला, आणि अजून पिळला. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. ठमी किंचाळली नाही, तिच्या तोंडातून हवा गेल्यासारखं काहीतरी आलं आणि ती खाली बसली.

मी तवा घेतला आणि त्याच्या पाठीत घातला. त्याला लागल्याचं दिसलंच नाही. वळला आणि खिडकीच्या काचेत मूठ घातली. काचेतून हात तसाच ओढून काढला. मनगटाच्या वर मांस उघडं झालं होतं, पांढऱ्या शिरा लोंबत होत्या. रक्त भिंतीवर, ठमीच्या पुस्तकांवर, माझ्या तोंडात. त्या रक्तात तो पाय पसरून बसला आणि पेंगायला लागला.

शेजारच्यांनी दार तोडलं. दोघांना एकाच गाडीतून आमच्याच हॉस्पिटलात आणलं. एका बाकावर पोरगी, एका बाकावर बाप, आणि मध्ये मी, दोघांना धरून.

२४ मार्च, सोमवार

ठमीचा हात प्लास्टरमध्ये. परीक्षा गेली. ती एक शब्द माझ्याशी बोलत नाही, छताकडे बघते.

त्याच्या हाताच्या शिरा तुटल्यात, वरून तात्पुरते टाके घातलेत, उद्या ऑपरेशन. सकाळी शुद्ध आली तसं विचारलं, “हाताला काय झालं माझ्या?” सांगायची वेळ माझ्यावर आलीच नाही. ठमी स्वतः चालत त्याच्या कॉटपाशी गेली. प्लास्टर पुढे धरलं. “बाबा, हा तुम्ही मोडलात. आईचा गळा दाबलात. आता घरी परत येऊ नका. तुम्ही आलात तर मी जाईन.”

मग चांगल्या हाताने त्याने स्वतःच्या तोंडात मारायला सुरुवात केली. ओठ फाटला तरी थांबेना, मामाने येऊन हात धरला.

ठमी गेल्यावर मला म्हणाला, “अगं, मला काहीच आठवत नाही. देवाशपथ. असा कसा झालो मी? खड्ड्यात तो पडला, पण माझ्याच आत काहीतरी झालंय.” मग म्हणाला, “तुझ्या त्या खोलीत लोकांना शांत करायला देता ना काहीतरी, ते मला दे. रोजचं दे. आणि ऑपरेशन झालं की मी भावाकडे जातो. पोरीच्या आसपास मी नको.”

माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी म्हटलं, “बघू.” काय सांगू? मी दिलं ते शांत व्हायला दिलं. हात त्याचे होते, अंगठे त्याचे होते. माझ्या गळ्यावरचे निळे डाग मी स्वतः आरशात बघितलेत. जाऊ दे भावाकडे. मी आणि ठमी राहू दोघी. हेच तर हवं होतं ना मला, घरात शांतता?

झोप येत नाही.

२५ मार्च, मंगळवार

नवरा माझ्याच खोलीत येणार म्हणून डॉक्टरबाई म्हणाल्या, “सिस्टर, तुम्ही आज बाहेर थांबा हवं तर.” मी म्हटलं, “नाही, मी असते.” त्यांनी त्याला विचारलं, असं औषध आधी कधी घेतलंय का, त्याचा काही त्रास? त्याने मान हलवली. “कधीच नाही, डॉक्टर.” खरं तेच सांगितलं त्याने, त्याच्या परीने. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. मी उलट म्हणाले, “बाई, जरा बरंच द्या. तापट आहे.”

बाईंनी थोडंसंच दिलं. माझ्या सांगण्यावरून देणाऱ्यातल्या त्या नाहीत.

मी त्याचे डोळे बघत होते. ते मिटले नाहीत. टक्क उघडले.

ते डोळे मी माझ्या स्वयंपाकघराच्या दारात बघितले होते, आणि त्याआधी याच कॉटवर, मास्तराच्या तोंडावर. एकच डोळे, तीन वेळा.

तो उठला. बँडेजच्या हाताने बाईंच्या कानशिलात मारली, टाके उसवून रक्त त्यांच्या गालावर. सलाईनचा स्टँड बडबडीच्या खांद्यावर पडला. मग मी सापडले. कॉटच्या लोखंडी दांड्यावर त्याने माझं तोंड आपटलं, पुढचा एक दात तिथेच पडला. मामा, नाकावर अजून पट्टी असलेला मामा, त्याच्या पाठीवर चढला. आणि मी खाली पडल्यापडल्या ओरडत होते, “देऊ नका! आणखी काही देऊ नका! उतारा द्या!”

बाईंनी तो आधीच भरला होता.

गेला तसा तो ढिला पडला. इकडेतिकडे बघितलं, बाईंचा गाल, बडबडी, माझं तोंड. “पुन्हा केलं मी?”

बाई धापा टाकत म्हणाल्या, “तुम्ही नाही केलंत. औषध उलटं चढलं. एखाद्याला होतं असं. तुमचा दोष नाही.”

“नाही हो डॉक्टर,” तो रडत म्हणाला, “तुम्ही माझ्यावर पांघरूण घालू नका. घरी मी असंच करतो. पोरीचा हात मोडलाय मी. घरी कुठे असतं औषध?”

बाईंनी आधी ट्रेकडे बघितलं, मग बेसिनकडे, मग माझ्याकडे. बडबडी खांदा धरून उभी होती. तिनेही बघितलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. आयुष्यात पहिल्यांदा ती गप्प होती.

मी म्हटलं, “घरीही तेच होतं. मी देत होते. चहातून.”

मला वाटलं तो उठेल आणि या वेळी शुद्धीत मारेल. मी चेहरा पुढे केलाच होता. तो हललाही नाही. छताकडे बघत राहिला, ठमी बघते तसाच. मग म्हणाला, “म्हणजे ठमीचा हात…” मग त्याने मान माझ्याकडे वळवली. “तो मी नव्हतो?”

“नाही.”

“मग तिला सांग. आता जाऊन सांग. ती मला परत येऊ नका म्हणालीय.”

ऑपरेशन थांबवता येत नव्हतं, हात गेला असता. पूर्ण भूल नको म्हणाला, नुसता हात बधिर करा. बाई सांगत होत्या, जागा होता सगळा वेळ, शिरा शिवत होते तरी बोटसुद्धा हललं नाही त्याचं. हे सांगताना त्यांनी औषधांच्या कपाटाची माझ्याकडची किल्ली मागून घेतली. उद्या वरच्या साहेबांपुढे उभं राहायचंय. पुढे पोलीसही असतील. बाईंनी ते शब्दात सांगितलं नाही.

मी ठमीच्या कॉटशी गेले. ओठ सुजलेला, दात नाही, नीट बोलता येत नव्हतं, तरी सगळं सांगितलं. पहिल्या रविवारपासून. तिला घरात ठेवायला केलं, हेही सांगितलं. ते सांगायला नको होतं.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, “मी तुला विचारलं होतं ना गं चहाचं?”

मी म्हटलं, “हो.”

उजवा हात प्लास्टरमध्ये होता म्हणून तिने डाव्या हाताने मारली. पूर्ण ताकदीने, फुटलेल्या ओठावर. शेजारच्या कॉटवरची बाई उठून बसली. ठमीने चपला घातल्या आणि बाबा कुठल्या वॉर्डात आहेत ते मला न विचारता वॉर्डातल्या मावशींना विचारून निघून गेली.

ओठातून अजून रक्त येतंय. औषधाचा थेंब पोटात नसताना आमच्या घरात कोणी कोणावर हात उगारला, तो हा पहिलाच.